तोफ बसवायची कुठे?

लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमसमोर दोन प्रचंड तोफा शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत. प्रत्येकीची लांबी साडेसोळा मीटर, वजन जवळपास 100 टन, तोंड 15 इंच रुंद. एक ‘रॅमिलीज’ या ब्रिटिश युद्धनौकेवरची, दुसरी ‘रिझोल्यूशन’वरची. लोक येतात, नळ्यांखाली उभे राहून फोटो काढतात आणि आत जातात. मला मात्र त्या तोफांपेक्षा तिथे जे ठेवलेलं नाही त्याचं कुतूहल जास्त. अशा दोन तोफा जहाजावर ज्या यंत्रात बसायच्या, ते यंत्र तोफांसकट साडेसातशे टनांच्या घरातलं होतं. ते जहाजाच्या पोटात कित्येक मजले खाली उतरायचं आणि त्यात साठ-सत्तर माणसं काम करायची. इंग्रजीत त्याला माउंटिंग म्हणतात. आपण तोफेची बैठक म्हणू.

युद्धनौकांच्या गोष्टी सांगताना आपण तोफ किती इंची आणि चिलखत किती जाड, एवढंच सांगतो. पण तोफा वाढत गेल्या तशी खरी डोकेफोड या बैठकीचीच होती.

किल्ल्याच्या बुरुजावरची तोफ डोळ्यांसमोर आणा. बत्ती दिली की गोळा पुढे जातो आणि तोफ मागे उसळते. बुरुजाखाली कातळ आहे, तो हा धक्का निमूटपणे सोसतो. शत्रू कुठून येणार हे साधारण ठाऊक असतं आणि दारूकोठार लांब, वेगळ्या इमारतीत ठेवता येतं. जहाजावर यातलं काहीच मिळत नाही. पायाखालची जमीन डुलते. शत्रू कोणत्याही दिशेने येतो. दारूकोठार तोफेच्या पायाशीच ठेवावं लागतं, कारण दुसरी जागाच नसते. शिवाय जहाजावर एवढं वजन जितकं उंच ठेवाल, तितकं जहाज कलंडायला सोपं.

शिडाच्या जहाजांनी यावर काढलेला तोडगा साधा होता. तोफा बाजूच्या भिंतींतून बाहेर काढायच्या. लाकडी चाकांच्या गाड्यावर तोफ, मागे जाड दोर. तोफ उडाली की गाडा मागे धावतो, दोर त्याला अडवतो, खलाशी तोंडाकडून पुन्हा दारू आणि गोळा भरतात आणि कप्पीच्या दोरांनी गाडा पुढे ओढतात. फिरवायची सोय जवळजवळ नाहीच. नेम धरायचा तर जहाजच वळवायचं. आंग्र्यांच्या गुराबांवर पुढच्या टोकावरून, नाकासमोर मारा करणाऱ्या दोन तोफा असत. तिथेही तत्त्व तेच होतं: तोफ स्थिर, नौका वळणार.

या पद्धतीने शंभर-शंभर तोफांची जहाजं बांधली गेली. आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागापासून बांधलेलं ‘एशिया’ हे 84 तोफांचं जहाज 1824 मध्ये पाण्यात उतरलं आणि 1827 मध्ये ग्रीसमधल्या नावारिनोच्या लढाईत ब्रिटिश अॅडमिरल कॉड्रिंग्टन यांचं ध्वजजहाज होतं. संपूर्णपणे शिडाच्या जहाजांनी लढली गेलेली ती शेवटची मोठी लढाई. मुंबईत बांधलेलं जहाज तिथे सर्वांच्या पुढे होतं, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही याचं मला वाईट वाटतं.

या पद्धतीतही एक मोठी उणीव होती. तोफ बाहेर काढायची तर जहाजाच्या भिंतीला भोक पाडावं लागतं, आणि जड तोफा खालच्या मजल्यावर ठेवाव्या लागत असल्याने हे भोक पाण्याच्या जवळ येतं. 10 ऑगस्ट 1628 रोजी स्वीडनचं 64 तोफांचं नवंकोरं ‘वासा’ स्टॉकहोमहून निघालं. वाऱ्याचा एक झोत आला, जहाज कललं, खालच्या उघड्या तोफखिडक्यांतून पाणी आत शिरलं आणि पहिल्याच फेरीत, बंदर नजरेआड होण्याआधीच ते बुडालं.

ते भोक लक्षात ठेवा. पुढच्या तीनशे वर्षांत त्याची जागा बदलत गेली, पण ते बुजलं नाही.

एकोणिसाव्या शतकात फुटणारे गोळे आले, लाकडी भिंती कुचकामी झाल्या आणि जहाजांनी लोखंड अंगावर घेतलं. लोखंड भेदायला तोफा मोठ्या झाल्या. मोठ्या तोफा शंभर बसवता येत नाहीत, दोन-चारच बसतात. मग त्या दोन-चार तोफांना दोन्ही बाजूंना मारा करता यायला हवा, म्हणजेच त्या फिरायला हव्यात. इथे फिरता बुरूज जन्माला आला. इंग्रजीत टरेट.

अमेरिकेत जॉन एरिक्सन आणि इंग्लंडमध्ये काउपर कोल्स, दोघांनी साधारण एकाच काळात फिरते बुरूज बनवले, पण वेगळ्या रीतीने. फरक समजायला आपलं जातं पुरे. एरिक्सनच्या ‘मॉनिटर’वरचा बुरूज जात्याच्या वरच्या पाळीसारखा मधल्या खुंट्यावर फिरायचा. फिरवायच्या आधी तो उचलून धरावा लागे आणि मग वाफेचं इंजिन त्याला फिरवे. 9 मार्च 1862 रोजी अमेरिकन यादवी युद्धात हॅम्प्टन रोड्सला ‘मॉनिटर’ची ‘व्हर्जिनिया’ या शत्रूच्या चिलखती जहाजाशी गाठ पडली. ‘मॉनिटर’च्या बुरुजात 11 इंची दोन तोफा होत्या आणि भिंत एकेक इंच जाड लोखंडी पत्र्यांच्या आठ थरांची होती. लढाईत एक गंमत समजली: बुरूज फिरायला लागला की नेमका हवा तिथे थांबवणंच कठीण. मग तो फिरत असतानाच समोर शत्रू आला की तोफ उडवायची, असा मार्ग काढावा लागला.

कोल्सच्या बुरुजाचा भार मात्र कडेला गोलाकार मांडलेल्या लोखंडी रुळांवर होता. वजन सगळीकडे सारखं वाटलं जाई आणि फिरणं सहज होई. पुढे युद्धनौकांनी हीच रीत घेतली. ‘मॉनिटर’चं नाव जगाला ठाऊक आहे, पण वारसा चालला तो कोल्सचा.

कोल्सच्या रीतीची दोन जहाजं मुंबईकरांनी अनेक वर्षं रोज पाहिली. ‘मॅग्डाला’ आणि ‘अॅबिसिनिया’ ही दोन बुरूजवाली जहाजं 1870 मध्ये इंग्लंडमध्ये खास मुंबई बंदराच्या रक्षणासाठी बांधली गेली. प्रत्येकावर दोन बुरूज आणि 10 इंची चार तोफा. नावं 1868 च्या अॅबिसिनिया (आजचा इथिओपिया) मोहिमेवरून ठेवलेली. ती मोहीम मुंबईच्या फौजेची होती. ही जहाजं शतक संपेपर्यंत मुंबईतच राहिली. यांच्याच धर्तीवरचं ‘सर्बेरस’ मेलबर्नजवळ उथळ पाण्यात आजही गंजत पडलेलं आहे आणि कोल्सच्या हयातीतल्या बुरुजांचं खरं रूप अजूनही तिथे पाहता येतं.

स्वतः कोल्स यांचा शेवट दुःखद झाला. बुरूज जड, म्हणून तो खाली ठेवायचा. बुरूज खाली म्हणजे डेकही खाली, पाण्याच्या जवळ. तरीही कोल्स यांना आपल्या ‘कॅप्टन’ या जहाजावर पूर्ण उंचीची शिडं हवी होती. जहाज बांधून झालं तेव्हा ठरल्यापेक्षा जड भरलं आणि डेक पाण्यापासून जेमतेम दोन मीटर उरला. 7 सप्टेंबर 1870 च्या पहाटेआधी स्पेनच्या फिनिस्टेर भूशिराजवळ वादळात ते उलटलं. सुमारे पावणेपाचशे माणसं गेली. कोल्स त्यांच्यातच होते. यानंतर शिडं काढून टाकलेली ‘डेव्हास्टेशन’सारखी जहाजं लोकांना पटू लागली.

आता अडलं भरण्यापाशी. बुरुजातली तोफ तोंडाकडून कशी भरायची? तिचं तोंड तर बुरुजाबाहेर! ‘थंडरर’ या जहाजावर युक्ती केली होती. तोफ फिरवून तिचं तोंड डेकच्या दिशेने खाली झुकवायचं आणि डेकखालून पाण्याच्या दाबावर चालणारा दांडा दारू आणि गोळा आत कोंबणार. माणसांचे श्रम वाचले. पण बुरुजातल्या माणसांना तोफेचं तोंडच दिसेनासं झालं. 2 जानेवारी 1879 रोजी मार्मारा समुद्रात सरावादरम्यान दोन्ही तोफा एकदम उडवल्या आणि त्यातली एक उडालीच नाही. शेजारच्या तोफेच्या दणक्यात ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. यंत्राने तिच्यात आधीच्या दारूवर दुसरी दारू आणि दुसरा गोळा भरला. पुढच्या बाराला तोफ फुटली आणि 11 जण मेले. खात्री करून घ्यायला तिच्या जोडीची तोफ वुलिचला नेली, मुद्दाम दुबार भरून उडवली. ती तशीच फुटली. ब्रिटिश नौदल मागून भरायच्या तोफांकडे परतलं त्यात या अपघाताचा मोठा वाटा आहे.

मागून भरायचं ठरल्यावर बैठकीचं रूप झपाट्याने बदललं. फ्रेंचांना बार्बेट ही रचना आवडत होती. बार्बेट म्हणजे बांधीव विहीर समजा. जाड पोलादाची गोल भिंत जहाजात पक्की बसवलेली, ती फिरत नाही. विहिरीच्या आत फिरत्या तबकडीवर तोफा आणि त्यांच्या नळ्या काठावरून बाहेर. फिरणारं वजन कमी, त्यामुळे तोफा उंचावर ठेवता येतात आणि लाटा आत शिरत नाहीत. अडचण एकच, वरून सगळं उघडं. 1895 मध्ये आलेल्या ‘मॅजेस्टिक’वर या विहिरीला तोफांबरोबर फिरणारं चिलखती झाकण घातलं. आज आपण युद्धनौकेचा बुरूज म्हणून ओळखतो तो हाच. वरून दिसतं ते झाकण. खरी वस्तू विहिरीत.

त्या विहिरीत उतरून पाहू. 1915 नंतरच्या ‘क्वीन एलिझाबेथ’ जातीच्या जहाजांवरची 15 इंची बैठक घेतो, कारण ती माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वात भरवशाची बैठक आहे.

सर्वात वर तोफघर. तिथे दोन तोफा, प्रत्येकीच्या मागे उघडझाप करणारं जड दार. तोफ उडाली की नळी साधारण मीटरभर मागे सरकते, द्रवाने भरलेली नळकांडी तो धक्का गिळतात आणि मग नळी पुन्हा पुढे ढकलली जाते. जुन्या जहाजावर जे काम चाकं आणि दोर करायचे तेच हे. तोफघराच्या खाली कामाची खोली. तिच्या खाली लांब नळ, आणि तळाशी, पाण्याच्या पातळीखाली, गोळ्यांचं आणि दारूचं कोठार. गोळा 879 किलोचा. दारू म्हणजे कॉर्डाइट, एका बाराला जवळपास दोनशे किलो, रेशमी पिशव्यांत, चार भागांत. गोळा आणि पिशव्या पाळण्यात बसून नळातून कामाच्या खोलीपर्यंत येतात, तिथे दुसऱ्या पाळण्यात जातात, तो वर तोफेच्या मागे येतो आणि साखळीचा दांडा आधी गोळा, मग दारू आत लोटतो. दार बंद. हे सगळं दाबाखालच्या पाण्यावर चाललेलं, आणि सगळा डोलारा, तोफघरापासून नळापर्यंत, एकसंध फिरतो. कोठारं तेवढी जागेवर राहतात. सरावलेली तुकडी मिनिटाला दोन बार काढायची.

मधल्या खोलीत पाळणा का बदलायचा? एक कारण वेग. दुसरं कारण आग. कोठारापासून तोफेपर्यंत सरळ रस्ता असला तर तोफघरात लागलेली आगही त्याच रस्त्याने खाली येणार. ‘वासा’च्या भिंतीतलं भोक आता जहाजाच्या पोटात गेलं होतं. त्यातून पाणी नाही, ज्वाळा जाणार होत्या.

जर्मनांना हे आधी कळलं. 24 जानेवारी 1915 रोजी डॉगर बँकच्या लढाईत ‘सायडलिट्झ’च्या मागच्या बुरुजाच्या बार्बेटवर गोळा लागला. आग खाली गेली, तिथून एका दारातून शेजारच्या बुरुजात पोचली आणि दोन्ही बुरूज जळून गेले. दीडशेहून जास्त माणसं मेली. विल्हेल्म हाइडकाम्प या खलाशाने तापून लाल झालेली झडप हातांनी फिरवून कोठारात पाणी सोडलं म्हणून जहाज वाचलं. जर्मनांनी धडा घेतला: उघड्यावर कमी दारू ठेवायची आणि दारं बंद ठेवायची.

ब्रिटिश मात्र वेगाच्या मागे होते. जास्त बार काढायचे तर दारू हाताशी हवी, म्हणून काही जहाजांवर कोठाराची दारं उघडी राहू लागली आणि वाटेत पिशव्यांचे ढीग जमू लागले. 31 मे 1916 रोजी जटलंडच्या लढाईत ‘इनडिफॅटिगेबल’, ‘क्वीन मेरी’ आणि ‘इन्व्हिन्सिबल’ या तीन बॅटलक्रूझर, म्हणजे वेगासाठी चिलखत पातळ केलेल्या मोठ्या नौका, एकेक करून स्फोटाने फुटल्या. तीन हजारांहून अधिक माणसं गेली. दोष नुसत्या पातळ चिलखताचा होता असं बरीच वर्षं सांगितलं गेलं. माझ्या मते उघड्या दारांचा दोष अधिक मोठा होता, आणि त्याचा पुरावा त्याच लढाईत आहे. अॅडमिरल बीटी यांच्या ‘लायन’च्या मधल्या बुरुजावरही तसाच गोळा लागला. बुरुजातले जवळजवळ सगळे मेले. मरणाच्या दारात असलेल्या मेजर फ्रान्सिस हार्वी यांनी खाली निरोप दिला: दारं लावा, कोठारात पाणी सोडा. सुमारे अर्ध्या तासाने वर धुमसणारी आग वाटेतल्या दारूला लागली, ज्वाळा नळातून खाली आली आणि खालचीही माणसं गेली. पण दार बंद होतं. ‘लायन’ तरंगत राहिलं. हार्वी यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

या सगळ्याच्या मध्ये 1906 ची ‘ड्रेडनॉट’ येते. तिच्याबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे, म्हणून मी एकच गोष्ट सांगतो. ती विलक्षण लवकर बांधून झाली याचं कौतुक सगळे करतात. ते जमलं त्याचं एक कारण म्हणजे ‘लॉर्ड नेल्सन’ जातीच्या जहाजांसाठी आधीच बनायला घेतलेल्या बैठका उचलून तिला दिल्या गेल्या. जहाजाचा सांगाडा लवकर उभा राहायचा, चिलखतही मिळायचं, बैठकीसाठी मात्र थांबावं लागायचं. उलट बाजूचं उदाहरण ‘व्हॅनगार्ड’चं. 1946 मध्ये दाखल झालेल्या ब्रिटनच्या या शेवटच्या युद्धनौकेवर पहिल्या महायुद्धातल्या 15 इंची बैठका होत्या. ‘करेजस’ आणि ‘ग्लोरियस’ यांची विमानवाहू जहाजं केली तेव्हा त्यांच्यावरून काढून जपून ठेवलेल्या. सांगाडा नवा, बैठक जवळपास तीस वर्षांची.

जटलंडनंतर आगीची इतकी धास्ती बसली की पुढच्या बैठकांत दारं एकमेकांना यंत्राने बांधली गेली. हे दार बंद झाल्याशिवाय ते उघडणार नाही, पाळणा इथे पोचल्याशिवाय दांडा हलणार नाही. कल्पना बरोबरच होती. पण ‘किंग जॉर्ज पाचवा’ जातीच्या नौकांवर एका बुरुजात चार 14 इंची तोफा बसवल्या तेव्हा ही साखळी इतकी गुंतागुंतीची झाली की एक कडी अडकली की सगळं ठप्प. 24 मे 1941 रोजी ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ इतकी नवी होती की कारखान्याचे कामगार अजून जहाजावरच होते. तशीच ती ‘बिस्मार्क’ या जर्मन युद्धनौकेसमोर गेली. ऐन लढाईत तिच्या तोफा एकामागून एक अडत गेल्या आणि माघार घेताना मागचा चार तोफांचा बुरूजही अडकला. त्या दिवशी तिच्याबरोबरची ‘हूड’ कोठाराच्या स्फोटाने फुटली. 1,418 पैकी तिघेच वाचले.

जपानने याच सुमारास हा प्रवास टोकाला नेला. ‘यामातो’वर 46 सेंटिमीटरच्या तीन तोफांचा एकेक बुरूज अडीच हजार टनांचा होता, म्हणजे त्या काळच्या एखाद्या विनाशिकेहून जड. गुप्तता राखायला कागदोपत्री या तोफा 40 सेंटिमीटरच्या म्हटल्या गेल्या, आणि त्यांची ने-आण करायला ‘काशिनो’ नावाचं वेगळं जहाज बांधावं लागलं. 7 एप्रिल 1945 रोजी अमेरिकी विमानांनी ‘यामातो’ बुडवली. विमानाला बुरूज नको, बार्बेट नको, फक्त उडायला धावपट्टी हवी.

दुसऱ्या महायुद्धानंतरही अमेरिकेने ‘आयोवा’ जातीच्या चार नौका अधूनमधून वापरल्या. 19 एप्रिल 1989 रोजी ‘आयोवा’च्या दुसऱ्या बुरुजात मधली तोफ भरताना दारू पेटली आणि बुरुजातली 47 माणसं गेली. कारणावर वर्षानुवर्षं वाद झाला. पण तळाशी कोठारापाशी असलेले बाराजण वाचले, कारण त्यांच्यात आणि बुरुजात स्फोटरोधक दारं होती आणि ती बंद होती.

इतकं अवजड यंत्र जहाजाला कशाने जोडलेलं असतं, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तेव्हा मोठमोठे बोल्ट असतील असं वाटलं होतं. बहुतेक युद्धनौकांत तसं काही नसतं. बुरूज रुळांवर बसलेला असतो, आणि त्याला जागेवर ठेवतं ते मुख्यतः त्याचं स्वतःचं वजन. म्हणून जहाज उलटं झालं की बुरूज निसटून पडतात. ‘आयोवा’च्या अपघातानंतर दोन महिन्यांच्या आत, 8 जून 1989 रोजी, रॉबर्ट बॅलार्ड यांच्या पथकाला अटलांटिकच्या तळाशी, पावणेपाच किलोमीटर खोल ‘बिस्मार्क’ सापडली. बुडताना ती उलटली होती, पण तळाशी सरळ बसली होती. चारही मोठे बुरूज गायब. कॅमेरा डेकवरून सरकत गेला तेव्हा त्यांच्या जागी चार गोल, काळ्या, उघड्या विहिरी दिसल्या.